निवडुंगाआतली मोजणी

१

सकाळी उन्हं अंगावर यायच्या आत मोजणीचा फळा तिपाईवर चढवायचा, तो पाणसळीनं सपाट करायचा, वर कागद ताणून बसवायचा, धर्माजीला झेंडी घेऊन पुढे पिटाळायचं आणि मग दिवसभर त्याला शिव्या घालायच्या, असा उद्धवराव मोजणीदारांचा नेम होता. माघातल्या त्या दिवसांतही तो चुकला नव्हता.

उद्धवराव मूळचे तुळजापूरकडचे. निजामाच्या अमलात त्यांनी रानोमाळ जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ओढली, उर्दूत नकाशे लिहिले. पुढे निजामाचं राज्य गेलं, मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि त्यांची बदली पुणे जिल्ह्यात झाली. इथल्या कचेरीत त्यांना ‘निजामाचे मोजणीदार’ म्हणत, आणि तेही त्यांच्या कानावर जाईल अशा बेतानं. त्यांनी काढलेली रेघ आजवर कधी चुकली नव्हती, पण त्यांच्या मोडी अक्षराला उर्दूचं वळण आहे म्हणून साहेब चार लोकांत हसत. घरी चिंचवडच्या भाड्याच्या खोलीत बायको अंबूबाई होती. तिच्यावर ते कधी आवाज चढवत नसत. तो सगळा राग साठून राहायचा आणि रानात धर्माजीवर निघायचा.

या खेपेचं काम मोठं होतं. चिंचवडहून मोशीकडे जाणाऱ्या गाडीवाटेच्या अंगाला एक कारखाना यायचा होता. त्यासाठी माळ, शेतं, विहिरी, वस्ती सगळं मोजून नवा नकाशा करायचा होता. तो जवळजवळ झालाही होता. राहिला होता फक्त एक तुकडा. गवराबाई नावाच्या बाईच्या शेताच्या मध्यभागी निवडुंगानं वेढलेली थोडीशी पडीक जागा होती. विडी पेटवून तिच्याभोवती चालायला लागलं तर विडी संपायच्या आत फेरी पुरी व्हायची.

कचेरीतून आणलेला जुना नकाशा उद्धवरावांनी तंबूत पसरला. या भागात पेशवाईत काठीनं मोजणी झाली होती, पुढे गोऱ्या साहेबांच्या हाताखाली साखळीनं. या नकाशावर बांध होते, पाणंदी होत्या, म्हसोबाचा दगड होता, कुणाचं तरी एकटं आंब्याचं झाडही होतं. मात्र चारी बाजूंनी येणाऱ्या रेघा त्या तुकड्याच्या कडेला येऊन थांबल्या होत्या. आत कोरा कागद. मोजलं नाही असंही कुणी लिहिलेलं नव्हतं. त्या जागेवर बोट ठेवून कुणीतरी बाकीचा नकाशा काढला असावा, तसं ते दिसत होतं.

“कामचोर साले,” उद्धवराव म्हणाले. “काट्यांना भिऊन पळाले, आणि आम्हाला अक्कल शिकवतात.”

कारखान्याची भिंत नेमकी त्या तुकड्यातून जायची होती.

२

दुसऱ्या दिवशी फळा लावला तेव्हा गवराबाई बांधावर येऊन उभी राहिली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, विधवा. शेत जाणार म्हणून नोटीस आल्यापासून ती रोज येऊन उभी राही आणि उद्धवरावांना ऐकू जाईल अशी बोलत राही. तिच्या बोलण्यात रडणं नव्हतं, नुसता जाळ होता. माणसं तिचं घर बाहेरून मोजून गेली, दारातली तुळस कागदावर ठिपका म्हणून मांडून गेली, पण आत कोण राहतं हे एकानंही विचारलं नाही, हा तिचा राग होता. उद्धवरावांना तो कळत नव्हता असं नाही. पण राग करायचा हक्क आपला एकट्याचाच आहे अशी त्यांची समजूत होती, आणि दुसऱ्या कुणाचा राग दिसला की त्यांचा आणखी भडके.

त्यांनी तिला निवडुंगाबद्दल विचारलं. आत काय आहे, समाधी आहे की बुजवलेली विहीर, आणि एवढ्या वर्षांत तो काढला का नाही.

“माज्या सासऱ्यानं नांगर हितनं वळवला,” ती म्हणाली. “त्याच्या बापानंबी वळवला. आमी अडानी मानसं. तुमी कशाला वळताय? जावा की सरळ.”

“जाणारच आहे.”

“जावा,” ती म्हणाली, आणि बांधावर बूड टेकून बघत बसली.

धर्माजीनं कोयत्यानं निवडुंगात वाट पाडली. हा धर्माजी चऱ्होलीचा, पुढे साखळीचं टोक धरून चालणारा, फारसं न बोलणारा माणूस. तो साखळी ताणायचा, जमिनीत खिळा रोवायचा, मागून उद्धवराव खिळ्यापाशी पोचले की पुन्हा पुढे निघायचा. आत घाणेरीची झुडपं होती आणि पायाखाली भुसभुशीत माती. समोर पलीकडचा निवडुंग स्वच्छ दिसत होता. साखळी संपायची, खिळा लागायचा, पुन्हा साखळी. निवडुंग तेवढाच लांब.

उद्धवराव शिव्या देत चालले. खिळे संपले तेव्हा मागचे उपटून पुढे लावले. घाम डोळ्यांत गेला. अखेर ते पलीकडे बाहेर पडले तेव्हा गवराबाई वळसा घालून त्या बाजूला येऊन बसलेली होती.

संध्याकाळी तंबूत बसून त्यांनी आत भरलेल्या साखळ्यांचा आकडा कागदावर उतरवला. फूटपट्टी धरून रेघ ओढली. रेघ तुकड्याच्या पलीकडच्या कडेतून बाहेर निघाली, गवराबाईच्या घरावरून गेली, ओढा ओलांडून गेली, आणि तरी आकडा उरलाच होता. पुन्हा मांडला, तेच. माणूस बाहेरून विडीभर अंतर चालतो आणि आतून मैलाच्या हिशेबात जातो, हे नकाशाच्या धंद्यात बसत नाही.

यातून एकच अर्थ निघत होता, आणि तो काढून उद्धवरावांना बरं वाटलं. धर्माजीनं खिळे मोजण्यात घोळ केला होता. ते उठले, बाहेर चुलीपाशी बसलेल्या धर्माजीपुढे गेले आणि त्याच्या कानाखाली वाजवली.

धर्माजीनं गाल चोळला. “मी तर खिळं मोजलंच न्हाईत, रावसाहेब,” तो म्हणाला. “खिळं तुमीच मोजता.”

हे खरं होतं. त्यामुळे त्यांना आणखीच राग आला.

३

रात्रभर त्यांनी विचार केला आणि सकाळी एक साधी युक्ती काढली. साखळी नको, खिळे नकोत, मोजणंच नको. एक लांब दोर घ्यायचा. धर्माजीनं त्याचं टोक धरून पूर्वेकडून शिरायचं, पश्चिमेला निघायचं आणि तिथल्या बाभळीला बांधायचं. दोर ताठ झाला की अलीकडे गाठ मारायची, मग तो बाहेर ओढून उघड्या रानात ठेवून मोजायचा. दोराला आकडे येत नाहीत, दोर खोटं बोलत नाही.

धर्माजी टोक घेऊन पुन्हा कालच्या वाटेनं आत गेला. उद्धवराव वेटोळ्यापाशी उभे राहून दोर सोडत राहिले. तो त्यांच्या ओंजळीतून सरकत होता, चालत्या माणसाच्या पावलांच्या ठेक्यात. मग वेटोळं संपत आलं. तंबूचा दोर आणून त्याला जोडला, तोही गेला. उद्धवराव ओरडले, “धर्माजी, वाकडातिकडा चालू नको!” उत्तर आलं नाही. दोर सरकतच होता.

गवराबाई उठून गेली आणि आपल्या विहिरीवरच्या मोटेचा जाडजूड नाडा खांद्यावर टाकून आली. तो तिनं त्यांच्या पायाशी टाकला.

“घ्या. इहीर तर तुमी घेतलीच हाय. नाडा ठिवून काय करू?”

त्यांनी नाडा जोडला. तोही अर्धा आत गेला, आणि त्याच वेळी कुणीतरी पाठीमागे खाकरलं.

मागे धर्माजी उभा होता. हात रिकामे, पायांना ओढ्याचा चिखल.

“काय करायलास हितं?” उद्धवरावांचा आवाज फाटला. “दोर कुठं सोडलास?”

दोर सोडला नव्हता, असं धर्माजीनं सांगितलं. आज आत वीसएक पावलांचीच वाट होती. तो केव्हाच बाहेर पडला होता, टोक बाभळीला बांधलं होतं, हाका मारल्या होत्या. ऐकू गेल्या नाहीत म्हणून ओढ्याच्या काठानं वळसा घालून आला होता. बोलता बोलता त्याची नजर उद्धवरावांच्या हातांकडे गेली.

दोर सरकत होता. घाई नाही, हिसका नाही. एक पाऊल, दुसरं पाऊल.

उद्धवरावांनी धर्माजीच्या हातात दोर दिला आणि ते धावत पश्चिमेला गेले. बाभळीला दोर बांधलेला होता, धर्माजीच्याच गाठीनं. निवडुंगातून तो ताठ बाहेर आला होता आणि जागचा हलत नव्हता. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला. तो उन्हानं तापलेला, मेल्यासारखा निपचित होता. म्हणजे इकडून काही निघत नव्हतं आणि तिकडून मात्र आत जात होतं.

ढोर अडकलं असेल. रानडुक्कर असेल. गवराबाईचा कुणी भाऊबंद आत दडून बसला असेल आणि हाताला गुंडाळून घेत असेल. हा शेवटचा विचार त्यांच्या मनात आला आणि तो त्यांना सोडवेना. अख्खा गाव मिळून त्यांना हसत होता. कचेरीत हसत होते, आता माळावरही हसत होते. निजामाच्या मोजणीदाराला दोरानं खेळवत होते.

परत येऊन त्यांनी धर्माजीच्या हातातला दोर हिसकावला, टाच जमिनीत रोवली आणि सगळा जोर लावून मागे ओढला.

दोर थांबला. क्षणभर काही नाही. मग पलीकडून कुणीतरी तेवढाच जोर लावला, जास्त नाही, कमी नाही. साखळी ताणताना समोरचा जाणकार गडी लावतो, तसा.

“आत हाय कुनीतरी,” धर्माजी हळूच म्हणाला.

“हाय ना,” उद्धवराव म्हणाले. “त्याला बाहेर काढतो. कातडं सोलतो त्याचं.”

धर्माजीच्या कमरेचा कोयता घेऊन, एक हात दोरावर ठेवून ते आत शिरले.

४

वाट कालचीच होती. तोडलेल्या निवडुंगाचा चीक पांढरा वाळला होता. मागून धर्माजीची हाक ऐकू आली आणि लांबून मोशीच्या वाटेवरची बैलगाडीची घुंगरं. मग हाक बंद झाली, घुंगरं मात्र चालूच राहिली. बऱ्याच वेळानं उद्धवरावांच्या लक्षात आलं, की घुंगरांचा आवाज जवळही येत नाही आणि लांबही जात नाही.

राग अजून त्यांच्याबरोबर होता आणि त्याच्या आधारानंच ते चालत होते. आपण भित्रे नाही, असं ते मोठ्यानं म्हणाले. ऊन लागलं की अंतर लांब वाटतं, असंही म्हणाले. पायाखालची माती आता भुसभुशीत नव्हती, तुडवून तुडवून घट्ट झालेली होती.

मग खुंट्या दिसू लागल्या. आधी एक, बोटभर वर निघालेली. मग रांगच. लाकडाच्या, शिंगाच्या, गंजलेल्या लोखंडाच्या, काही इतक्या जुन्या की नुसती भोकं उरलेली. रांगा आतून बाहेर निघालेल्या होत्या. माणूस हद्दीपासून मधल्या जागेकडे मोजत येतो, तशा नव्हे. मधून सुरू होऊन बाहेरच्या बाजूला, शेतांकडे, वस्तीकडे, चिंचवडकडे. आणि प्रत्येक रांग अगदी सरळ होती. उद्धवरावांनी आयुष्यात इतकी सरळ रांग पाहिली नव्हती. अशा वेळीसुद्धा त्यांना तिचा हेवा वाटला.

घाणेरीच्या फांद्या बाजूला केल्या तेव्हा पुढची मोकळी जागा दिसली.

तिथे एक फळा लावलेला होता. फळ्यावर कागद होता. कागदावर कुणीतरी वाकलेलं होतं. पाठ दिसत होती, मानेवर सरकलेलं मळकट पांढरं कापड दिसत होतं, आणि हात. दोर त्या माणसाच्या पायाशी येऊन पडला होता, नीट वेटोळं करून. तो माणूसच असेल, असं उद्धवराव पुढे स्वतःला सांगत राहिले. उजवा हात रेघ ओढत होता. शिसपेन्सिलीचा कागदावरचा आवाज येत होता, तोच बारीक, कोरडा आवाज जो ते रोज स्वतःच्या हाताखाली ऐकत. कागद जवळजवळ भरला होता. उद्धवरावांना त्यावर ओढा ओळखू आला, रेल्वेची रेघ ओळखू आली, आणि तिच्या खालच्या अंगाला दाटीनं काढलेली चिंचवडची, त्यांच्या गल्लीतली घरं.

“ए,” ते ओरडले. “कोण आहेस तू? कुणाच्या हुकमानं?”

पाठ वळली नाही. डावा हात तेवढा वर आला, तळवा त्यांच्या दिशेनं.

ही खूण त्यांना परकी नव्हती. झेंडी घेऊन पुढे गेलेल्या धर्माजीला ते दिवसातून कितीदा तरी असाच हात करत. थांब, तिथंच, हलू नको, तुझी जागा कागदावर घेतोय.

उद्धवराव थांबले.

हात किंचित डावीकडे हलला. उद्धवराव डावीकडे सरकले. हात थांबला, ते थांबले. मागे वळून पळावं असं त्यांना वाटलं, कोयता फेकावा असं वाटलं, पण ज्या रागावर ते इथवर चालत आले होते तो कुठेच सापडेना. पाय दुसऱ्याच्या कामाला लागले होते. शिसाचा आवाज थोडा वेळ थांबला. मग कागदावर एकच टिंब पडलं. ते टिंब पडल्याचंही त्यांना ऐकू आलं.

हात खाली गेला.

५

ते बाहेर आले तेव्हा उन्हं कलली होती. दोर त्यांच्या मागे ढिला पडला होता. धर्माजीनं हाका मारून घसा बसवून घेतला होता आणि आत शिरायचं धाडस न झाल्यानं तो लाजेनं खाली बघत होता. उद्धवरावांनी त्याला शिवी दिली नाही. ते पाहूनच तो जास्त घाबरला.

गवराबाई बांधावरून उठली. टोमणा तिच्या ओठावर तयार असावा, पण जवळ येऊन तिनं त्यांचं तोंड पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

“उभं केलं व्हय तुमाला?” तिनं विचारलं.

उद्धवरावांनी होकारार्थी मान हलवली.

“आज घरला जाऊ नगा. हितंच ऱ्हावा. घरच्या मानसांच्यात जाऊ नगा.”

तेव्हा कुठे त्यांचा राग परत आला आणि गळ्यातून आवाज फुटला. तुला माहीत होतं, ते ओरडले, तुला सगळं माहीत होतं आणि तू बघत बसलीस, नाडा आणून दिलास, बाई आहेस की कोण आहेस तू.

ती मागे सरली नाही. तिचे डोळे कोरडे होते.

“माजं घर मोजलं तवा मला इचारलं व्हतं का तुमी?” ती म्हणाली. “मग मी कशापायी सांगू?”

एवढं बोलून ती आपला नाडा ओढून घेऊ लागली. धर्माजी मदतीला गेला, पण तिनं त्याला हात लावू दिला नाही.

उद्धवराव घरी गेले. बाईच्या सांगण्यावरून रानात मुक्काम करणारा माणूस नव्हता तो.

दोन दिवसांनी त्यांनी नकाशा पुरा करून कचेरीत नेला. तुकड्याच्या जागी कागद कोरा होता. साहेबांनी कारण विचारलं, आणि उद्धवराव म्हणाले की तिथे मोजणी होत नाही. साहेब संतापले. निजामाकडे असंच चालत असेल, असं काहीसं बोलले, फूटपट्टी मागवली आणि लाल शाईनं स्वतः रेघ ओढून तुकड्याचे दोन भाग केले. सारी कचेरी बघत होती. एरवी या बोलण्यावर उद्धवरावांनी टेबल उलथलं असतं. या वेळी ते नुसते उभे राहिले. साहेब खुर्चीकडे हात करून बसा म्हणाले, तरी उभेच राहिले, आणि हात खाली गेल्यावर वळून निघून आले.

पुढे निवडुंग जाळला गेला, भिंत बांधली गेली. ती सरळ उभी राहिली, तिला काही झालं नाही. गवराबाई कुरुळीला भावाकडे गेली. जाताना तिनं घराची कौलं दगडांनी फोडून टाकली, कुणाच्या उपयोगी पडू नयेत म्हणून.

६

चिंचवडच्या खोलीपुढे छोटं अंगण होतं. उद्धवराव सकाळी तोंड धुवायला तिथे यायचे. भिंत उभी राहिल्यावर महिनाभरानं एका सकाळी ते आले, तांब्या कट्ट्यावर ठेवला, आणि त्यांचे पाय थांबले.

गल्लीत नेहमीचीच वर्दळ होती. समोरच्या दारात कुणी जोंधळे पाखडत होतं. कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, कुणाचा हात वर झालेला नव्हता. तरी त्यांना पाऊल उचलता येईना. त्यांनी दात आवळले, घामानं सदरा भिजला. आपलं स्वतःचं अंगण आहे, आपले स्वतःचे पाय आहेत, असं ते मनात म्हणत राहिले, आणि संताप मस्तकात जाऊनही टाच जमिनीवरून सुटली नाही. कुठूनसा तो बारीक कोरडा आवाज येत होता. जोंधळ्यांचा असेल, असं त्यांनी ठरवलं. तेवढ्यात समोरची बाई सूप घेऊन आत गेली. आवाज चालूच राहिला.

अंबूबाई नळावरून पाण्याची घागर डोक्यावर घेऊन आली. नवरा असा खांबासारखा उभा पाहून ती फाटकाशी थबकली.

“काय बघायलाव हो?” तिनं विचारलं.

त्यांना तिला आत जा म्हणायचं होतं. आयुष्यभर ज्या गळ्यानं त्यांनी माणसं हाकलली होती, त्या गळ्यातून एवढे दोन शब्द काढायचे होते. ओठ हलले, पण शब्द आले नाहीत.

ती आणखी काही बोलणार होती. पण तिनं त्यांच्याकडे बघायचं सोडलं आणि त्यांच्या खांद्यावरून मागे, कशाकडे तरी, कामाला आलेलं माणूस बघतं तशी मुकाट बघू लागली. मग डोक्यावर घागर तशीच धरून ती अर्धं पाऊल डावीकडे सरकली, आणि थांबली.

घागरीतलं पाणी हिंदकळून तिच्या कपाळावरून डोळ्यात उतरलं. तिनं ते पुसलं नाही.